आत येताना विचारायचे आठ प्रश्न

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक वार्षिक अहवालात मनोरुग्ण बंद्यांचा एक तक्ता असतो. वर्षामागून वर्षं त्यातला आकडा देशातल्या एकूण बंद्यांच्या दोन टक्क्यांच्या आतच राहत आला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या पथकाने परप्पन अग्रहार इथल्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ बंद्यांना एकेक करून समोर बसवलं, ठरलेली प्रश्नावली विचारली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यसन धरलं तर ७९.६ टक्के आणि व्यसन वगळलं तरी २७.६ टक्के बंद्यांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. दोन्ही आकडे एकाच देशातल्या तुरुंगांचे आहेत. त्यांची थेट तुलना करू नये हे खरं, कारण तक्त्यात तुरुंगाच्या कागदावर मनोरुग्ण म्हणून चढलेलेच मोजले जातात, तर निम्हान्सच्या मोजणीत सौम्य विकारही येतात. पण ही सूट देऊनही हिशेब जुळत नाही. सीना फाझेल आणि जॉन डॅनेश यांनी २००२ मध्ये १२ देशांतली ६२ सर्वेक्षणं आणि जवळपास २३ हजार बंद्यांची माहिती एकत्र केली. त्यात वास्तवाचं भान सुटण्याइतका गंभीर आजार, म्हणजे सायकोसिस, पुरुष बंद्यांत ३.७ टक्के आणि तीव्र नैराश्य १० टक्के निघालं. दहा वर्षांनी २४ देशांची माहिती घेऊन केलेली बेरीजही जवळपास तिथेच आली. केवळ सायकोसिसचं प्रमाणच जिथे आपल्या तक्त्यातल्या सगळ्या मनोरुग्णांच्या दुपटीला जातं, तिथे आपल्या तुरुंगांत आजार कमी आहे असं म्हणण्यापेक्षा त्याची विचारपूस कमी आहे असं म्हणणं जास्त संभाव्य आहे.

तुरुंगात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची मानसिक आरोग्याची चाचणी व्हावी या मागणीला आता फारसा कुणी उघड विरोध करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत ती आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०२३ च्या सूचनांतही आहे. प्रश्न आहे तो अशा चाचणीचं पुढे काय होतं याचा. हा सगळा पुरावा वाचल्यावर माझं मत असं बनलं आहे, की दारातली चाचणी हवीच, सगळ्यांची हवी. पण किती रुग्ण सापडले यावरून तिचं यश मोजलं तर ती वाया जाईल. सापडलेल्यांपैकी किती जणांपर्यंत किती दिवसांत उपचार पोचले, हाच तिचा हिशेब धरायला हवा. आपला सध्याचा कायदा मात्र नेमका उलटा हिशेब मागतो.

१८९४ च्या तुरुंग कायद्याने आत येणाऱ्या बंद्याची लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करून प्रकृतीची, अंगावरच्या जखमांची आणि खुणांची नोंद ठेवायला सांगितलं. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात असंही आहे, की शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे एखाद्या बंद्याच्या मनावर वाईट परिणाम होतो आहे असं डॉक्टरला वाटलं तर त्याने अधीक्षकाला लेखी कळवावं. इंग्रजी राजवटीतल्या कायद्यालाही मनाची दखल घ्यावीशी वाटली होती. पुढे शीला बर्से यांनी लावून धरलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, कुठलाही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं. या वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याच्या ३१ व्या कलमाने तुरुंगातल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १०३ व्या कलमाने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र उभारायला सांगितलं. पण त्याच १०३ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे आणि माझ्या मते सगळं अडतं ते तिथे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा आणि त्यात प्रमाणित करायचं, की या तुरुंगात मनोरुग्ण बंदी नाही. मंडळ भेट द्यायला येऊ शकतं आणि अमुक रुग्णाला इथे का ठेवलं, असा जाब विचारू शकतं. हेतू स्वच्छ आहे: आजारी माणूस बराकीत कुजू नये. परिणाम काय होत असेल, याचा अंदाज करायला मात्र फार बुद्धी लागत नाही. ज्या डॉक्टरकडे मनोविकारतज्ज्ञ नाही, खाट नाही, रुग्णालयात न्यायला पोलीस बंदोबस्त नाही, त्याला कायदा सांगतो, की तुझ्याकडे कुणी नाही असं लिहून दे. शोधलं तर उत्तर देणं आलं. शोधलं नाही तर कागद बिनचूक.

शोध न घेता बसलेल्या नजरेला काय दिसतं, हे बाहेरच्या अभ्यासांनी चांगलं दाखवून दिलं आहे. शिकागोच्या कुक काउंटी जेलमध्ये लिंडा टेप्लिन यांना असं आढळलं, की गंभीर मनोविकार असलेल्या बंद्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणच तिथल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. आरडाओरडा करणारा दिसतो. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारा 'शांत बंदी' म्हणून चांगल्या वर्तनात जमा होतो. इंग्लंडमधल्या डरहॅम तुरुंगात तर दारातली चाचणी होतच होती. नव्या आलेल्या ५६९ पुरुषांची संशोधकांनी स्वतंत्र तपासणी केली तेव्हा १४८ जणांना व्यसनाव्यतिरिक्त मानसिक विकार निघाला. तुरुंगाच्या चाचणीने त्यातले फक्त ३४ ओळखले होते. १९९६ चा हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फॉर्म होता, कर्मचारी होता, खूणही करून घेतली जात होती आणि तरी चारातले तीन हातून सुटत होते. तेव्हा 'आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी तपासणी होते' हे वाक्य कानावर आलं, की ती कोण करतं, कुठे करतं, किती मिनिटांत करतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर बरीच साधनं तयार झाली. त्यातलं बहुधा सर्वांत परिचित म्हणजे हेन्री स्टेडमन आणि सहकाऱ्यांचं, अमेरिकी जेलसाठी केलेलं आठ प्रश्नांचं टिपण. सहा प्रश्न लक्षणांचे. उरलेले दोन साधे: मनाच्या आजारासाठी कधी रुग्णालयात दाखल झाला होतात का, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का. प्रशिक्षित शिपाईसुद्धा दोन-तीन मिनिटांत ते विचारू शकतो. दहा हजारांहून जास्त माणसांवर ते वापरून पाहिलं गेलं, तेव्हा पुरुषांच्या बाबतीत ७३.५ टक्के वेळा वर्गवारी बरोबर आली, स्त्रियांच्या बाबतीत फक्त ६१.६ टक्के. ज्या स्त्रिया खरोखर आजारी होत्या त्यातला तिसरा हिस्सा या चाळणीतून निसटला. मला या साधनात सर्वांत मोलाचे वाटतात ते शेवटचे दोन प्रश्न. स्किझोफ्रेनियाची औषधं चालू असलेला माणूस पोलीस कोठडीतून तुरुंगात येतो तेव्हा त्याच्या गोळ्या घरी राहिलेल्या असतात. दोन आठवड्यांत तो बिघडतो आणि मग त्याच्या बिघडण्याला 'बेशिस्त' हे नाव मिळतं. त्याला पहिल्या दिवशी तो एक प्रश्न विचारला असता आणि घरच्यांना एक फोन लावला असता तर निदान नव्याने करण्याचीही गरज नव्हती.

अशा साधनांतले लक्षणांचे प्रश्न मात्र जसेच्या तसे उचलून आणता येत नाहीत, आणि या मुद्द्यावर मराठी वाचकाने थोडं रेंगाळायला हवं. कुणी आपल्यावर पाळत ठेवतं असं वाटतं का, हा संशयविकार ओळखायचा नेहमीचा प्रश्न. तुरुंगात त्याचं खरं उत्तर 'हो' असंच आहे. कॅमेरा आहे, शिपाई आहे, बराकीत खबऱ्या आहे. रात्री झोप लागते का? दिवे रात्रभर चालू असतात, क्षमतेच्या कितीतरी पट माणसं एका बराकीत असतात, कुशीवर वळायला जागा नसते. झोप न लागणं तिथे लक्षण नसून परिस्थिती आहे. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही असं काही ऐकू येतं का, असं विचारलं तर ज्या घरात देवी अंगात येणं ही सन्मानाची गोष्ट आहे तिथून आलेली बाई सरळ 'हो' म्हणेल आणि ती आजारी असेलच असं नाही. उलट 'उदास वाटतं का' या पुस्तकी प्रश्नाला अनेक जण 'नाही' म्हणतील. पण जीव घाबरतो का, डोकं जड होतं का, कशात मन लागतं का, जेवण गोड लागतं का, असं विचारलं तर बोलतील. शिवाय मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत मराठीइतकीच हिंदी आणि बांगलाही कानावर पडते, आणि परदेशी बंदी आहेत ते वेगळेच. प्रश्नावलीचं भाषांतर करून भागत नाही. ती इथल्या तुरुंगात, इथल्या बंद्यांवर, मनोविकारतज्ज्ञाच्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहावी लागते. तेवढं काम न करता परदेशी फॉर्म छापून वाटणं म्हणजे डरहॅमची चूक मराठीत करणं.

साधन चांगलं असलं तरी गणित कठोरच राहतं. समजा, एका मोठ्या तुरुंगात हजार नवे बंदी आले आणि त्यातल्या चाळिसांना गंभीर मनोविकार आहे. चाचणी ऐंशी टक्के आजाऱ्यांना ओळखते आणि ऐंशी टक्के निरोगी माणसांना बरोबर सोडून देते असं धरलं, तर बत्तीस खरे रुग्ण सापडतील, आठ निसटतील आणि त्यांच्या जोडीला १९२ निरोगी माणसांवरही खूण होईल. एकूण २२४ जण तज्ज्ञाच्या दारात उभे, त्यातला सातातला एकच खरा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या आणि त्या दिवशी वीस रुग्ण पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाला ही रांग संपवायला अकरा आठवडे लागतील. तोवर पुढचे हजार आलेले असतील. म्हणून ज्यांनी या विषयात प्रामाणिकपणे काम केलं त्यांनी चाचणीला एकटं सोडलं नाही. न्यूझीलंड आणि कॅनडात आकाराला आलेल्या पद्धतीत चाळणी, निकडीची वर्गवारी, तपासणी, उपचार आणि सुटकेनंतरची सोय अशा पाच पायऱ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. वरच्या उदाहरणात दुसऱ्या पायरीवर एक प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजकार्यकर्ती बसवली आणि तिने प्रत्येकाला वीस मिनिटं दिली, तर २२४ जणांचं काम सुमारे ७५ तासांत होतं. म्हणजे एका माणसाचे दोन आठवडे. हा खर्च कुठल्याही राज्याला न परवडणारा नाही.

'पण माणसंच नाहीत' हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो खोटा नाही. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० बंदी होते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार दर पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ वा समुपदेशक हवा, म्हणजे अकराशेच्या वर. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीत देशभरच्या तुरुंगांतल्या मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञांची संख्या आहे पंचवीस. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाचणीचे जे निकष लिहिले त्यात निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध असणं ही अट आहे. मग उपचार नसताना शोधणं अनैतिक नव्हे का? या युक्तिवादाचा मी आदर करते, पण त्याचा निष्कर्ष मान्य करत नाही. तो निकष शहरातल्या स्वतंत्र माणसासाठी लिहिला होता; त्याला चाचणी नको असेल तर तो घरी जाऊ शकतो आणि पुढे वाटलं तर दुसरा डॉक्टर गाठू शकतो. बंद्याला सरकारने कोंडलं आहे, त्याच्यापुढे दुसरा दरवाजा नाही. शिवाय आजार न शोधल्याने तो फुकट पडत नाही. त्याचा खर्च बराकीतली मारामारी, एकांत कोठडी, न चालणारा खटला आणि मृत्यू या रूपाने निघतोच. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने २०१७ ते २०२१ या काळातले ८१७ अनैसर्गिक तुरुंगमृत्यू पाहिले. त्यातल्या ६६० आत्महत्या होत्या. आणि सगळ्याच गोष्टींना मनोविकारतज्ज्ञ लागतो असंही नाही. दारू सुटल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येणारा वात, ज्यात माणूस बरळतो, थरथरतो आणि उपचार न मिळाल्यास दगावतोही, तो साधा एमबीबीएस डॉक्टर वेळेत सांभाळू शकतो. फक्त हा माणूस रोज पिणारा होता हे त्याला पहिल्याच दिवशी कळलेलं असलं पाहिजे. एरवी त्या थरथरण्याला 'नाटक' म्हटलं जातं.

नाटकाचा आक्षेप वेगळा घ्यायला हवा, कारण तुरुंगात तो रोज ऐकू येतो. बंदी सोंग करतात, दवाखान्यात खाट मिळावी, बराक बदलावी, खटला लांबावा म्हणून. करतात, काही जण करतात. पण चाचणी हे निदान नाही. तिच्यामुळे कुणाला जामीन मिळत नाही की खाट मिळत नाही, पुढची मुलाखत मिळते, आणि अनुभवी तज्ज्ञापुढे सोंग फार टिकत नाही. उलट लपवणाऱ्यांची काळजी मला जास्त वाटते. 'वेडा' हा शिक्का बराकीत बसला की खाण्यापिण्यापासून झोपण्याच्या जागेपर्यंत सगळं बदलतं. मुलीचं लग्न व्हायचं असलेला बाप तोंड उघडणार नाही. शिवाय शिक्का कायद्याच्या वाटेनेही बाधू शकतो. आसामचे माचांग लालुंग १९५१ मध्ये अटकेत गेले, त्यांची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली आणि ते २००५ मध्ये सुटले. खटला न चालता ५४ वर्षं. त्यांना आजारी म्हणून कुणी ओळखलंच नाही असं झालं नव्हतं. ओळखलं, पाठवलं आणि विसरून गेले. खटल्याला तोंड देण्यास असमर्थ ठरलेल्या बंद्याबाबत हा धोका आजही संपलेला नाही, कारण त्याचा खटला थांबतो पण कोठडी आपोआप थांबत नाही. म्हणून चाचणीची उत्तरं वैद्यकीय फायलीतच राहायला हवीत. ती अधीक्षकाच्या टेबलावर, तपास अधिकाऱ्याच्या हातात जाता कामा नयेत; व्यसनाबद्दल खरं बोलल्याने गुन्ह्यात अडकू अशी भीती असेल तर कुणीच खरं बोलणार नाही. आणि ज्याला आजार आहे असं ठरेल त्याच्या वकिलाला, विधी सेवा प्राधिकरणाला ठरलेल्या मुदतीने कळलं पाहिजे, त्याच्या संमतीने. नोंद असण्याचा फायदाही आहेच. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार फाशी रद्द करण्याचं कारण मानला. अशा युक्तिवादाला आधार लागतो तो तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नोंदींचा. त्या नोंदी नसतील तर आजार होता हे सिद्ध कशाने करायचं?

सर्वांत अवघड आक्षेप मात्र डाव्या बाजूने येतो. बंद्यांचं दुःख तुरुंगाने निर्माण केलेलं आहे. चारातले तीन बंदी कच्चे कैदी आहेत, तारीख पडते, गार्ड नाही म्हणून कोर्टात नेलं जात नाही, जामीन मंजूर होतो पण भरायला पैसे नाहीत. अशा माणसाला गोळी देणं म्हणजे अन्यायाला आजाराचं नाव देणं. यात तथ्य आहे, आणि चाचणीच्या पुरस्कर्त्यांनी ते टाळू नये. ज्याच्या नैराश्याचं कारण दहा हजारांचा जामीन आहे त्याचं औषध विधी सेवेच्या वकिलाकडे आहे. मुंबईत १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते तुरुंगात जाऊन घरच्यांशी संपर्क, कागदपत्रं, जामीन अशी कामं करत आले आहेत. चाचणीनंतरच्या दुसऱ्या पायरीवर अशाच माणसांची गरज आहे. पण हा आक्षेप अर्ध्यावर थांबतो. दुःख तुरुंगाने दिलेलं असो की सोबत आणलेलं, फास लावून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो आजच्या रात्रीचा प्रश्न आहे, तुरुंग सुधारणेची वाट पाहणारा नाही. आणि दुःख आतच वाढतं हे खरं असेल तर त्यातून निघतं ते एवढंच, की एकदा दारात विचारून भागणार नाही. पहिला आठवडा, जामीन फेटाळल्याचा दिवस, शिक्षा सुनावल्याची संध्याकाळ, घरून मृत्यूची बातमी आल्यावर, मुलाखतीला येणारं माणूस यायचं बंद झाल्यावर पुन्हा विचारावं लागेल. स्त्री बंद्यांच्या बाबतीत ही शेवटची वेळ फार लवकर येते. नवरा आत असला तर बायको डबा घेऊन येते, बायको आत असली तर कित्येकदा कुणीच येत नाही. ज्या साधनांत स्त्रियाच जास्त निसटतात त्यांच्या एका दिवसाच्या चाचणीवर विसंबणं म्हणूनच धोक्याचं आहे. हे पुन्हा पुन्हा विचारणं रोज बराकीत असणारा माणूसच करू शकतो. निम्हान्सने निवडक बंद्यांना प्रशिक्षण देऊन धोका ओळखायला शिकवण्याची पद्धत सुचवली ती यासाठीच. अशा बंद्याला अधिकार मिळता कामा नये, फक्त डॉक्टरपर्यंत थेट जाण्याची मुभा मिळावी.

करायच्या गोष्टींत पहिली, मला वाटतं, त्या तिमाही अहवालाचा नमुना बदलण्याची आहे. 'मनोरुग्ण नाही' या प्रमाणपत्राच्या जागी साधे रकाने हवेत: या तीन महिन्यांत किती जण आत आले, किती जणांना प्रश्न विचारले, किती जणांवर खूण झाली, त्यातल्या किती जणांना किती दिवसांत डॉक्टरने पाहिलं, किती जणांची औषधं सुरू झाली, किती जणांची मध्येच बंद पडली आणि का. बंदोबस्त न मिळाल्याने येरवडा, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात किती जणांना नेता आलं नाही, हाही एक रकाना हवा, म्हणजे तो दोष डॉक्टरच्या माथी राहणार नाही. शेवटचा रकाना सुटकेचा. कच्च्या कैद्याला कोर्टातून जामिनाचा आदेश मिळाला, की तो संध्याकाळी बाहेर पडतो. सकाळची गोळी त्याने तुरुंगाच्या दवाखान्यात घेतलेली असते, उद्याची त्याच्याकडे नसते, आणि कुठली गोळी होती याचा कागदही नसतो. दारावर त्याची झडती होते, आत येताना जमा केलेलं पाकीट, घड्याळ, पट्टा मोजून परत दिला जातो, त्याची सही घेतली जाते. त्याच खिडकीतून महिनाभराच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी आणि त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचा वार लिहिलेला कागद देता येतो.